घोटभर मागायची रीत

आमच्या घरात पाणी मागायचं ते घोटभरच. तांब्याभर तहान लागली असली तरी तोंडानं ‘घोटभर दे’ एवढंच म्हणायचं. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीवरून आत गेलं की आमचं गाव लागतं. माझ्या लहानपणी उन्हाळा लागला की विहीर तळाला जायची, आणि मग टँकर येईल तेव्हा पाणी. टँकर आला की गावभराच्या बायका पाइपाला लोंबकळायच्या. आई त्यात कधी पुढं असायची, कधी नुसती ओली होऊन रिकामी यायची. रांजण तिच्या ताब्यात होता. आमच्याकडं पाणी आई वाढायची, भाकरी वाढतात तसं.

मागणाऱ्यानं घोटभरच मागायचं आणि देणारीनं ओळखून द्यायचं, असा तो कारभार होता. मी शाळेतून पळत येऊन ‘घोटभर दे’ म्हणायचो. आई माझ्या ओठांकडं बघायची आणि तांब्या भरून द्यायची. आबा शेतातून येऊन पायरीवर बसायचे, पाणी मागायचेच नाहीत, नुसतं घसा खाकरायचे. तेवढ्यावर त्यांचा तांब्या पुढं यायचा. आणि पाणी दुसऱ्या कुणासाठी उरावं म्हणून आई स्वतः ‘आत्ताच पिलेय’ म्हणायची. ती कधी पिली हे आम्ही कुणी पाहिलेलं नसायचं.

पाण्याचं हेच पुढं सगळ्याला लागू झालं. नवी चप्पल पाहिजे असली तर ‘जुनी चालतीय अजून, उगंच आपलं बघत होतो’ असं म्हणायचं. भाकरी पाहिजे असली तर ‘चतकोर’. सहलीला जायचं असलं तर ‘गेलो तर गेलो, न्हाई तर न्हाई’. जितकी मोठी गरज तितका छोटा शब्द. हे आम्हाला कुणी बसवून शिकवलं नाही. घरात राहून अंगात भिनलं.

माझ्या धाकट्या बहिणीच्या अंगात ते सगळ्यात जास्त भिनलं. ती माझ्याहून सात वर्षांनी लहान.

आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे मी अभिमानानं सांगतो, लपवायचं काही कारण नाही. जालन्याला येऊन बी.ए. केलं, तेही इंग्रजी घेऊन. पहिल्याच महिन्यात ऑफिसच्या खिडकीत जाऊन मी ‘आय वॉन्ट बोनाफाइड’ म्हणालो होतो. आतले बाबू मान वर न करता म्हणाले, “वॉन्ट म्हणून राह्यला, बापाचं दुकान हाय का हे?” मागं रांगेतली पोरं हसली. आमच्या सरांना सांगितलं तर त्यांनी शांतपणे फळ्यावर लिहून दिलं: आय वुड लाइक. त्याच्यात मग रिअली घालता येतं, व्हेरी मच घालता येतं, जस्ट घालता येतं. शाळेत ह्यांना क्रियाविशेषणं म्हणतात आणि पोरं ती पाच मार्कांसाठी पाठ करतात. माझ्यासाठी ती त्याहून मोठी गोष्ट होती. माणूस सरळ उभा राहून, डोळ्यांत बघून, मला हे अगदी मनापासून पाहिजे, असं म्हणू शकतो, आणि तसं म्हटल्यानं तो हावरट ठरत नाही, उलट सभ्य ठरतो. हे मला नवीन होतं. मी त्या शब्दांच्या प्रेमातच पडलो. वसतिगृहाच्या गच्चीवर एकटाच फिरत ‘आय वुड व्हेरी मच लाइक’ म्हणून बघायचो. पाहिजे काय होतं, ते ठरलेलं नसायचं. नुसतं म्हणायलाच बरं वाटायचं.

पदवी झाल्यावर मी जालन्यातच स्पोकन इंग्लिशचा क्लास काढला. बाजाराच्या मागं, एका दुकानाच्या माडीवर दोन खोल्या. एकीत क्लास, एकीत मी. बियाणं कंपन्यांत फिरतीची नोकरी करणारी पोरं यायची, कारखान्यांतले सुपरवायझर यायचे, दुकानदारांच्या घरच्या सुना यायच्या. दुसऱ्याच आठवड्यात मी फळ्यावर एक शिडी काढायचो. तळाच्या पायरीवर जस्ट, त्याच्या वर नुसतं आय वुड लाइक, त्याच्या वर रिअली, आणि सगळ्यात वर व्हेरी मच. आणि सांगायचो, इच्छा छोटी असेल तर खालची पायरी घ्या, मोठी असेल तर वरची. सोपं होतं, पोरांना पटकन कळायचं. क्लास चांगला चालला.

बहीण बारावी झाली त्या पावसाळ्यात मी दोन दिवस घरी गेल्तो. ती शेतात पंपाच्या खोलीत स्टार्टर उघडून बसली होती. गावात मोटरचा माणूस बोलावला तर तो चार दिवसांनी यायचा, म्हणून ती बघून बघून शिकली होती. आबाही तिलाच हाक मारायचे. मी दारात उभा राहिलो. ती आतल्या वायरीकडंच बघत म्हणाली, “दादा, आयटीआयचे फॉर्म सुटलेत म्हणं.”

“हां, सुटले असतील.”

“तिकडून तुझं जाणं झालं तर जरा बघशील का. उगंच. सहज म्हणलं.”

“कोणता ट्रेड?”

“कोणताबी. इलेक्ट्रिशियन म्हणं पोरींना घेतेत आता. मुद्दाम नको जाऊ पण.”

“बघतो,” मी म्हणालो.

त्याच दिवशी जेवताना आबांनी मला विचारलं. ती चुलीपुढं होती, तिला ऐकू जात होतं. आबा म्हणाले, “पोरीचं पुढं काय करायचं? तुला काय बोलली का? शिकायचं म्हणती का ती?”

मी थोडा विचार केला. खरोखर केला. जरा, उगंच, सहज, कोणताबी, मुद्दाम नको. माझ्या डोक्यात माझी शिडी उभी होती आणि हे सगळे शब्द तळाच्या पायरीवरचे होते. मी जाणकार माणसासारखा म्हणालो, “तिला तेवढी काही इच्छा दिसत न्हाई आबा. सहज बोलली होती आयटीआयचं. मनापासून असतं तर बोलली असती ना तशी.”

आबांनी मान हलवली. माझ्या शब्दाला घरात तेव्हा वजन आलं होतं. बहीण चुलीपुढून उठली. तिनं माझ्या ताटात गरम भाकरी टाकली, आणि मी ‘बास’ म्हणालो तरी अजून अर्धी टाकली.

मला परत परत आठवते ती ही अर्धी भाकरी. माझं ‘बास’ तिनं खरं धरलं नव्हतं. तिचं ‘सहज’ मी खरं धरलं होतं.

ती घरी राहिली. मोसंबीची तोडणी, कापसाची वेचणी, आईच्या हाताखाली स्वयंपाक, आणि गावात कुणाची मोटर बंद पडली की टेस्टर घेऊन जाणं. तो टेस्टरही मीच आणून दिलेला. फोनवर म्हणाली होती, “जालन्यात बरा टेस्टर मिळतो का रे? न्हाई मिळाला तरी चालतंय, ह्याच्यावर भागून राह्यलंय.” मी बसस्टँडजवळच्या दुकानातून पहिला हाताला लागला तो घेतला. दिवाळीत गेलो तर तो तिच्या ओढणीच्या गाठीला खोचलेला दिसला. मी चेष्टा केली, “बाकीच्या पोरी किल्ल्या खोचतेत.” ती हसली. दुसऱ्या दिवाळीतही तो तिथंच होता. मी दुसऱ्यांदाही चेष्टाच केली.

मग स्थळ आलं. आमच्या मामानं आणलेलं, माणसं चांगली, पोरगा शेती बघणारा. रविवारी बघायला यायचं ठरलं. आईनं फोनवर सांगितलं, मी म्हणालो, येतो.

त्याच आठवड्यात, गुरुवारच्या संध्याकाळच्या बॅचला मी पोरांकडून प्रसंग करून घेत होतो. मी काउंटरवरचा माणूस व्हायचो, समोरच्यानं येऊन इंग्रजीत मागायचं. बॅचमध्ये एक वयस्क शेठजी होते, कापडाचं जुनं दुकान, घराणं राजस्थानातून येऊन कधीचं जालनेकर झालेलं. त्यांची लेक बंगळुरूला दिलेली, तिचे दिवस भरत आले होते, आणि तिथल्या दवाखान्यात मराठी-हिंदीवर भागणार नाही म्हणून ते क्लासला यायचे. मी म्हणालो, “शेठजी, समजा लेक दवाखान्यात आहे, मी काउंटरवर आहे. बोला.”

ते उठले. टोपी नीट केली. माझ्या टेबलापुढं येऊन दोन्ही हात टेबलावर ठेवले, आणि फार सावकाश म्हणाले, “मॅडम, आय वुड जस्ट लाइक टू सी माय डॉटर.”

मला मॅडम म्हटल्यावर बॅच हसायला पाहिजे होती. कुणी हसलं नाही.

मी शिकवायच्या भरात होतो. शिडीकडं बोट केलं. “शेठजी, एवढी मोठी गोष्ट आणि खालची पायरी का घेतली? वरचं घ्या की. व्हेरी मच.”

“ते जड वाटलं, सर. लेकीचं म्हणल्यावर तोंडातून निघतच न्हाई.”

मागून बियाणं कंपनीतला एक पोरगा म्हणाला, “आन् दुकानात तर सगळं व्हेरी मच असतंय तुमचं.”

“ते गिऱ्हाईकाला रे बाबा,” शेठजी म्हणाले. “माल खपवायचा असला की कितीबी मोठं बोल. तिथं काय जातंय.”

आता बॅच हसली, शेठजीही हसले. मी फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो. हातात डस्टर होतं. बापाला लेक बघायची होती, दुसरं काहीच नको होतं, आणि तेवढं सांगायला त्यानं सगळ्यात लहान शब्द निवडला होता. तो शब्द इच्छा कमी करत नव्हता. तो समोरच्याला सांगत होता की घाबरू नका, मी फार मागत नाही, एवढंच, पण एवढं द्याच. इतकी वर्षं मी हेच उलटं शिकवत होतो. शिडी पुसली. पोरांना वाटलं, तास संपला. मी म्हणालो, “आज एवढंच,” आणि पोरं खाली उतरून जाईपर्यंत तोंड वळवलं नाही.

इंग्रजीचं चुकीचं शिकवलं ते सुधारता येणार होतं, पुढच्या तासाला सुधारलंही. मला झटका बसला तो पंपाच्या खोलीतल्या वायरीचा. बहीण तेव्हा माझ्याकडं बघत नव्हती. वर बघितलं असतं तर मला कळलं असतं, म्हणूनच बघत नसणार. रांजणासमोर वाढलेला मी, घोटभर म्हणजे किती हे ज्याला आईच्या दुधाबरोबर कळलं होतं, त्यानं आपल्या बहिणीची तहान परक्या मापानं मोजली होती. आणि माप बरोबर आहे म्हणून बापाला शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं घरी गेलो. आधी फोनवर बघून घेतलं होतं, आयटीआयचे फॉर्म सोमवारपर्यंत होते. तिला विचारायचं, सरळ विचारायचं, असं गाडीत ठरवत होतो. स्पष्ट बोलायला मी घाबरत नाही.

ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी पिशवीही खाली न ठेवता म्हणालो, “तुला आयटीआयला जायचंय का?”

तिनं माझ्याकडं बघितलं, मग दोरीकडं. “आता काय त्याचं. राहू दे. चहा ठेवू का?”

“न्हाई, खरं सांग.”

“खरंच सांगून राह्यले. आई, दादा आला.”

झालं. माझ्या सरळ प्रश्नाला तिनं सरळ उत्तर दिलं होतं, आणि त्या उत्तरावर मी परत एकदा जालन्याला निघून जाऊ शकलो असतो.

आई बाहेर आली. आता नळ आहे, रांजण फुटून जमाना झाला, तरी माझ्या तोंडातून सवयीनं आलं, “आई, घोटभर दे.” आईनं तांब्या भरून आणला. मी तो उभ्यानं, न थांबता, सगळा पिलो. आई रिकामा तांब्या घेऊन आत गेली. ती मला काही सुचवत होती असं नाही, तिचं रोजचंच चाललं होतं. पण बहिणीला परत विचारायचं नाही, ओळखून द्यायचं, हे मला तिथं कळलं.

आबा बाजेवर बसले होते. त्यांच्यापुढं खाली बसलो.

“आबा, तिला जालन्याला नेतो. इलेक्ट्रिशियनला घालू. सोमवारपर्यंत फॉर्म हायेत.”

“ती म्हणली का?”

“न्हाई म्हणली आत्ता.”

“न्हाई म्हणली आन् न्यायचंय?”

“दोन वर्षांमागं म्हणली होती. मला कळलं न्हाई.”

आबा बाजेवर पुढं सरकले. “इथंच बसून विचारलं होतं तुला मी. तू म्हणला, तिला इच्छा न्हाई. तिच्या पोटातलं मला काय कळणार? शिकलेलं पोरगं सांगून राह्यलं म्हणून धरून चाललो. तिच्या आईनं दोनदा काढला विषय, तिला गप केलं मी. म्हणलं, भावानं विचारून घेतलंय.”

आईनं विषय काढला होता, हे मला माहीत नव्हतं.

“चुकलं माझं, आबा.”

“तुझं चुकलं म्हणून सोयरे परत धाडू का? रविवारी येऊन राह्यलेत लोकं.”

“मी सांगतो मामाला.”

“सांग मंग. इथंच बसून सांग, मला ऐकू येईल असं.”

मी मामाला फोन लावला. सभ्यपणे मागायचं आणि सभ्यपणे नाकारायचं कसं, हे शिकवून पोट भरणारा मी. माझ्या तोंडातून धड वाक्य निघेना. “मामा, ते रविवारचं, म्हणजे काय झालं, जरा, तसं काही न्हाई पण…”

“इंग्लिशमधी सांग रे भाच्या,” मामा पलीकडून म्हणाला, “मराठी कळंना गेली तुझी.”

“तिला शिकवायचंय, मामा. रविवारचं रद्द करा.”

मामा चांगलाच तापला. लोकांपुढं माझं तोंड काय राहिलं, म्हणाला. दोन वर्षं झोपले होते का सगळे, म्हणाला. मी म्हणालो, मी झोपलो होतो, बाकीचे जागे होते. मामानं फोन ठेवला. पुढं वर्षभर तो आमच्या घरी आला नाही. आला तेव्हाही माझ्याशी कमीच बोलला.

फोन ठेवून वर बघितलं तर ती दारात उभी होती. हातात ओलं धोतर तसंच. मी तिला काही विचारलं नाही. फक्त म्हणालो, “कागदं काय काय लागतील, बघावं लागंल.”

“दहावीचं मार्कशीट, टीसी, जातीचं, डोमिसाइल,” ती म्हणाली. “उत्पन्नाचं नवं काढावं लागंल, जुनं चालत न्हाई. पोरींचं होस्टेल हाय पण जागा कमी पडतेत. तुझ्या खोलीवर राह्यले तर पायी वीस मिनटं. ॲप्रन तिथंच समोर मिळतो.”

आबांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं. मी विचारलं, “हे तुला कवापासून माहीत?”

“गावातल्या एकीच्या भावानं केल्ता कोर्स,” ती म्हणाली. “तिला विचारलं होतं. सहज.”

आबा बाजेवरून उठले आणि गोठ्याकडं निघून गेले. आई आत डबे हलवत राहिली. मला वाटलं होतं, आता मला हलकं वाटेल. वाटलं नाही. तिच्याकडं सगळं तयार होतं, पायी किती मिनटं लागतात इथपर्यंत. त्या तयारीवर ती दोन वर्षं झाकण ठेवून बसली होती, माझ्या एका वाक्यामुळं.

सोमवारी फॉर्म भरला. तिचा नंबर लागला. मी क्लासच्या खोलीत झोपायला लागलो आणि माझी खोली तिला दिली. तिच्या वर्गातली पोरं-पोरी तिच्याहून लहान, ती तिला ताई म्हणायची. खोलीवर वायरिंगचा बोर्ड घेऊन सरावाला आली की जिन्यातून हाका यायच्या, “ताई, हे फेज कुठं घ्यायचं?” ती प्रेमानं समजावून सांगायची. त्यांना ते ताई म्हणणं मानाचं वाटायचं, तिलाही आवडायचं. मला प्रत्येक हाकेत ती दोन वर्षं ऐकू यायची.

तिनं मला आजवर त्याबद्दल एक शब्द विचारलेला नाही. एकदा मीच म्हणालो, “तेव्हा भांडायचं होतंस माझ्याशी.” ती स्क्रू पिळत होती. म्हणाली, “म्हणलं तर होतं मी तुला.” एवढंच. तिच्या हिशोबानं तिनं सांगितलं होतं, पुरतं सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

क्लासमध्ये आता मी शिडी काढत नाही. जस्ट शिकवायची वेळ आली की सांगतो, हा शब्द ऐकू आला तर माणसाच्या तोंडाकडं बघा. पोरं वहीत लिहून घेतात. ह्याच्यावर मार्क असतात का, असं विचारतात. मी म्हणतो, नाहीत.

माझी बहीण इलेक्ट्रिशियनचा कोर्स पहिल्या वर्गात पास झाली. आता ती जालन्याच्या एका कारखान्यात अप्रेंटिस आहे, आणि आमच्या घराण्यात पगार घेणारी पहिली बाई तीच आहे.